वधूपक्षाच्या खोलीतलं स्टोअर

हॅलो? स्टोअर्स, राजेश्वरी मोहिते बोलते…

कोण?… अगं सुहासिनी, तू व्हय. … हसू नको गं. एकोणीस वर्षांची सवय हाय, नव्या नोकरीच्या सहा महिन्यांत जाती व्हय? घरात बी मोबाईल असाच उचलते. परवा सासूबाईंचा फोन आला, तर त्यांना म्हटलं, बोला, स्लिप नंबर काय?

व्हय, कराडातच हाय. … बोल की, वेळ हाय मला. चारपर्यंत वेळ हाय. चारनंतरचं चारला कळंल.

काय झालं म्हणजे… सांगते. आधी तू बोल. भर ड्युटीत फोन केलास म्हणजे कायतरी मोठं असणार. कँटीनच्या मागं उभी हायस ना?… ओळखलं की. त्या पंख्याचा घर्र आवाज येतोय.

हं… हं… कोण, सुमंत सर?… आपले सुमंत सर, परचेसचे?

थांब, थांब. परत बोल. हळू बोल.

माझी जागा परत काढलीया?… शिरवळला?… गुजरातनं स्टोअर परत आणलं व्हय?… आणि सरांनी माझंच नाव सुचवलंय?

…बसते गं जरा. उभी होते. … कुठं बसणार, पोत्यावर बसले. खुर्ची हाय, पण तिच्यावर हितल्या पोरीनं, प्रांजलनं, कसलं तरी यंत्र ठेवलंय, हलवायचं न्हाई म्हणाली.

साडेचारपर्यंत?… आज साडेचार?… आजच का?… हां, यादी पुण्याला मेलनं जायची. आज नाव गेलं न्हाई तर मग पुढच्या वर्षी. … कळलं. आपल्याकडं साडेचार म्हणजे साडेचार. आता किती वाजलं?… तीन चाळीस.

न्हाई गं, आनंद झाला न्हाई असं न्हाई. डोळ्यांत पाणी आलंय, खरं सांगते. पण लगेच माझ्या वतीनं हो म्हणून येऊ नको. ऐक ना आधी. आज चार वाजता हितनं मला काढणार हायत बहुतेक.

अगं वरडू नको, कँटीनच्या मावशी बाहेर येतील.

तसं तोंडानं कोण म्हणालं न्हाई. मेसेज आलाय. वाचून दाखवते. 'ताई, चार वाजता स्टेजवर बोलूया.' आणि पुढं अंगठा. … अंगठा गं, तो वर केलेला असतो तो. … आता तूच सांग, आपल्या कंपनीत 'जरा बोलूया' म्हणजे काय असायचं?… तेच. … तर मग.

स्टेजवर म्हणजे स्टेजवरच. तुला सांगितलं न्हाई व्हय? आमचं ऑफिस मंगल कार्यालयात हाय. … चालू न्हाई, बंद पडलेलं. शिवतेज सरांच्या मामांचं. हायवेला मोठमोठी लॉन झाल्यापासनं तिथं कोण लगीन करंना, म्हणून मामांनी भाच्याला दिलं. … शिवतेज म्हणजे आमचे मालक. मालक म्हणायचं न्हाई म्हणत्यात. सर बी म्हणायचं न्हाई. नुसतं शिवतेज म्हणायचं. सत्तावीस वर्षांचं पोरगं हाय, माझ्या धाकट्या भावापेक्षा बारकं, पण माझ्या तोंडातनं नुसतं नाव निघतच न्हाई. 'शिवतेज' म्हणते, थांबते, आणि मग हळूच 'सर' पुटपुटते. त्याला बी आता कळलंय, तेवढा वेळ थांबतो बिचारा.

व्हय, पाट्या तशाच हायत. वरपक्षाच्या खोलीत प्रांजल बसती. सांगलीची पोरगी हाय, वायरी, बॅटऱ्या, सगळं तीच जोडती, लय हुशार. आणि वधूपक्षाच्या खोलीत माझं स्टोअर. … हस, हस. परवा कुरिअरवाला दारात उभा राहून विचारतोय, नवरी कोण?

मीटिंग स्टेजवर. रोज सकाळी. आणि उभ्यानं करायची. … उभ्यानं गं. बसलं की मीटिंग लांबती म्हणत्यात. उभ्यानं बी तासभर चालतीच. तिसऱ्या दिवशी मी आपली स्टेजच्या पायरीवर बसले, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते मला अजून कळलं न्हाई.

न्हाई, विषय बदलत न्हाई. कशासाठी काढणार तेच सांगतीया. चूक माझीच हाय.

आमचा माल काय ते ठाऊक हाय ना तुला?… खुंटी. … खुंटीच. उसाच्या रानात मुळाजवळ ठोकायची. खाली ओल किती हाय ते ती मोबाईलवर कळवती. म्हणजे पाणी द्यायचं का न्हाई ते घरात बसून कळतंय. प्रांजलनं तिला इंग्रजीत चांगलं हातभर नाव ठेवलंय, पण शेतकरी खुंटी म्हणत्यात, म्हणून आमी बी खुंटी. … आधी हळदीसाठी करत होते. मग द्राक्षासाठी. मी आले त्या आठवड्यात ऊस ठरला. सोमवारी आलं की आधी विचारून घ्यायचं, आज आपण काय करतोय.

वस्तू मात्र चांगली हाय. आमच्या रानात लावलीया एक. आमचे फौजी नवरोबा सकाळी चहाच्या आधी मोबाईल बघत्यात आणि रानाकडं बघून म्हणत्यात, बरोबर बोलतीया.

तर काल. रहिमतपूरला चाळीस खुंट्या लावायच्या होत्या. चाळीस शेतकऱ्यांचा एक गट हाय, आकाराम तात्या म्हणून त्यांचे पुढारी. आमची पहिली मोठी ऑर्डर. शिवतेज आणि प्रांजल पहाटेच मोटारसायकलवरनं पुढं गेले. माल मागनं टेम्पोनं जायचा. साडेसहाला धुळाभाऊ टेम्पो घेऊन दारात हजर. मी स्टोअर उघडलं. आणि त्याला विचारलं, गेटपास कुठाय?

…हां. … तुला आलं ध्यानात. पण पुढं ऐक.

गेटपास मीच सुरू केलाय हितं, मागच्या महिन्यात. माल कोण बी उचलतंय, कुठं बी नेतंय. एक खुंटी तर प्रांजलच्या पिशवीत सापडली, डब्याशेजारी. तवा मी फॉर्म तयार केला. आपल्या कंपनीतला होता तसाच, वरचं नाव तेवढं बदललं. सगळे म्हणाले, भारी ताई, एकदम भारी. … भरत कोण न्हाई, तो भाग वेगळा. आणि खोक्यांना लाल चिठ्ठ्या बांधल्या मी. 'थांबवा. मंजुरी बाकी.'

तर मंजुरीचा रकाना मोकळा. शिवतेजला फोन लावला, लागंना. प्रांजलचा बी लागंना. धुळाभाऊ म्हणतोय, आवं ताई, माल तुमचा, टेम्पो तुमीच बोलावलाय, माणसं बी तुमचीच, मग अडवताय कुणाला? … बरोबर होतं त्याचं. आता कळतंय. पण तवा माझं डोकं चालंचना. सही न्हाई, माल न्हाई. जन्मभर हेच केलंय सुहास. प्लँट हेडची गाडी अडवली होती मी एकदा, डिकीत दोन बेअरिंग होते म्हणून, आठवतंय?… शाबासकीचं पत्र मिळालं होतं त्याचं. फ्रेम करून लावलंय आमच्या सोप्यात.

धुळाभाऊनं तासभर वाट बघितली, तीन कप चहा घेतला, आणि कोबीचं भाडं हाय म्हणून निघून गेला. … रिकामाच. आठला शिवतेजचा फोन, ताई, टेम्पो कुठवर आला? मी म्हटलं, कोबीला गेलाय. … काय सांगणार दुसरं? दुसरा टेम्पो शोधला, लगीनसराई चाललीया, एक मिळाला न्हाई. चाळीस माणसं समाजमंदिरात साडेअकरापर्यंत बसून. प्रांजलनं म्हणं छत्री उलटी करून मातीत खुपसली आणि म्हणाली, समजा ही खुंटी हाय.

…झालं हसून?… मला काल हसू आलं नव्हतं गं.

दुपारी दोघं परत आली. मी दारातच उभी. म्हटलं आता बोलतील. शिवतेजनं हेल्मेट काढलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ताई, जेवला का? … एवढंच. जेवला का. प्रांजल म्हणाली, चला, काहीतरी शिकलो. … हितं चुकलं की 'शिकलो' म्हणायचं. सहा महिन्यांत आमी एवढं शिकलोय, सांगून सोय न्हाई.

तुला ऐकायला गोड वाटतंय. मला घोर लागला. आपल्या कंपनीत कसं, चुकलं की मेमो. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा द्यायचा. मग साहेब बोलावणार, सुनावणार, आपण मान खाली घालायची, की संपलं. दुसऱ्या दिवशी डबा खायला मोकळं. हितं मेमोच न्हाई. मग चूक संपायची कशी, सांग.

म्हणून मीच लिहिला. … मेमो गं. … माझ्याच नावानं. … 'विषय: माल अडवून ठेवल्याबाबत खुलासा मागविणेबाबत.' प्रति, राजेश्वरी मोहिते, स्टोअर्स. तीन प्रतींत. एक माझ्या फायलीला, एक शिवतेजच्या टेबलावर. तिसरी कुणाला द्यायची ते कळंना, ती प्रांजलला दिली.

हसून घे. मी थांबते.

…सकाळी साडेनऊला ठेवला. त्यानं वाचला. परत वाचला. मी दाराच्या फटीतनं बघत होते. मग प्रांजलला दाखवला, दोघं बराच वेळ हळू आवाजात कायतरी बोलली. आणि साडेदहाला हा मेसेज. अंगठ्यासकट.

आणि मधे आकाराम तात्यांचा फोन. थेट मला. … काय म्हणणार. 'आवं बाई, तुमी रिझर्व बँकेत हाय का?' हितनं सुरू केलं ते दहा मिनिटं. भांगलायच्या बायका थांबवून माणसं आली होती म्हणं. उद्या पहाटेपासनं त्यांच्या पाण्याची पाळी. एकदा पाणी सुटलं की चिखलात कोण जाणार खुंट्या ठोकायला. आज दिवस मावळायच्या आत माल गावात आला तर आला, न्हाईतर तुमाला रामराम. … मी म्हटलं, व्हय तात्या, चुकलं तात्या. … पण खरं सांगू? फोन ठेवला आणि लय बरं वाटलं. कुणीतरी नीट बोललं मला. दुपारी भाकरी अर्धी जास्त गेली.

व्हय, साडेचारचं ध्यानात हाय. … बरं, काय काय देणार म्हणत्यात?… ग्रेड तोच?… बस कोल्हापूर नाक्यावरनंच?… सहा चाळीसचीच? खिडकीची जागा माझी होती गं. एकोणीस वर्षं त्या खिडकीला डोकं टेकून झोपले मी. … बुधवारी गुलाबजाम असतोय अजून?… एकच?… दोन असायचे की.

आणि तुझी खुर्ची? आली?… अगं मी असताना मागणी टाकली होतीस. … दीड वर्षं?… सहा सह्या झाल्या, सातवी राहिली… सातवे साहेब बदलून गेले… आणि नव्या साहेबांनी कागद पहिल्यापासनं मागवले. … नियमानंच हाय म्हणा.

हितं? हितं मी म्हटलं खुर्ची पायजे, तर शिवतेज म्हणाला, घ्या की. … तेच तर. घ्या की म्हणजे कुठनं, कुणाला सांगून, कशातनं? कोण काय सांगतच न्हाई. तीन आठवडे पोत्यावर काढले. शेवटी नवरदेवाची लाल मखमलीची खुर्ची अडगळीत होती, तीच घेतली. तिच्यावरच ते यंत्र बसलंय आता.

रजेचं तर विचारूच नको. लागंल तेवढी घ्या म्हणत्यात. आता लागंल तेवढी म्हणजे किती? मी आपला रीतसर अर्ज लिहिला, 'विषय: एक दिवसाच्या किरकोळ रजेबाबत', आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. नऊ जणांनी अंगठा दिला, एकानं केकचं चित्र. आता ही मंजुरी म्हणायची का शुभेच्छा? मी त्या दिवशी कामावर आले. उगं घोळ नको.

आमच्या फौजींना? त्यांना तर कंपनीच पसंत. बावीस वर्षं पलटणीत काढल्यात. मेस हाय, युनिफॉर्म हाय, सुट्टीचा कागद हातात मिळतोय, आणखी काय पायजे म्हणत्यात. हितल्या पहिल्या दिवशी घरी गेले तर विचारलं, रँक काय दिली? म्हटलं, ज्याचा हुद्दा त्यानंच ठरवायचा. … तसंच हाय हितं. दोन आठवडे विचार केला आणि 'स्टोअर्स' लिहिलं. ते म्हणाले, ही रँक न्हाई, ही खोली हाय.

…विचार कसला करतीयास म्हणजे?

सुहास, एक बोलू? रागावू नको. … ते शेवटचे आठ महिने. … नको म्हणतीस, पण मी काढणार आज. स्टोअर गुजरातला हलवलं आणि मला राखीव म्हणून ठेवलं. काम न्हाई. कार्ड पंच करायचं आणि बसायचं. माझं टेबल नेऊन वॉटर कूलरपाशी ठेवलं. आठ महिने पाणी पिणाऱ्यांची तोंडं बघत बसले मी. पगार वेळेवर, दिवाळीची मिठाई वेळेवर, वाढदिवसाला केक बी आला. आणि एक स्लिप फाडायचं काम कुणी दिलं न्हाई मला. लय अपमान वाटला गं. घरी सांगायची बी लाज वाटायची.

आणि तू बी वरच्या मजल्यावर पाणी प्यायला जायला लागलीस. … बघत होते की मी. बाटली पदराखाली धरून जिना चढायचीस.

…

हॅलो?… हायस का?…

अगं, रडतीस काय. … बघवत नव्हतं तुला. … कळलं. … कळलं गं, बास. मी बी वर्षभर मनात धरून ठेवायला नको होतं. … पूस डोळं. चहाची सुट्टी होईल आता, सगळी तिथनंच जातील.

थांब. टेम्पोचा हॉर्न आला. … धुळाभाऊचाच. हा कुणी बोलावला? मी तर न्हाई बोलावला. … किती वाजलं?… चारला दोन कमी.

आले. सुहास, दोघं हिकडंच येतायत. स्टेजवर न्हाई, सरळ माझ्या खोलीत येतायत. … नको, ठेवू नको तू. लाईनवर रहा, मला धीर येईल. मोबाईल हितं फळीवर ठेवते.

बोला शिवतेज… सर. … हां, मीच लिहिला होता. … व्हय, मेमो म्हणत्यात त्याला. … तुमाला कुणी दिलाच न्हाई कधी?… असं. … न्हाई न्हाई, खुलासा मी द्यायचा असतो, तुमी न्हाई. … तुमी लिहिलाय?… बघू.

सुहास, माझ्या मेमोला ह्यांनी खुलासा लिहून आणलाय. ऐक. 'मंजुरी कुणी द्यायची हे आम्ही ठरवलंच नव्हतं. चूक आमची. शिवतेज, प्रांजल.' दोघांच्या सह्या हायत. तारीख न्हाई. … शिवतेज, तारीख घाला. … हां, तिथं.

आणि हे काय?… गेटपास. आजचा. … कुणी भरला, प्रांजल तू? चांगला भरलाय की. चाळीस नग, रहिमतपूर. आता शिवतेज, तुमी हितं खाली सही करा, उजव्या कोपऱ्यात. … मी?… मी कशी करणार?… आजपासनं म्हणजे?… असं नसतंय हो. त्याला अधिकारपत्र लागतं. तोंडी चालत न्हाई. …

सुहास, ऐकतीयास ना? म्हणत्यात, आमाला मालातलं कळत न्हाई ताई, तुमी तो रोज हाताळताय, तर मंजूर तुमीच करायचा. थांबवायचा तर तो बी तुमीच.

…अगं एकोणीस वर्षांत किती सह्या केल्या असतील मी? रोजच्या शंभर धर. सगळ्या डाव्या कोपऱ्यात. 'तयार करणार.' उजव्या कोपऱ्यात एक न्हाई. तिकडं पेन न्यायचं म्हटलं तरी चोरी केल्यासारखं वाटतंय. … काय म्हणतीस?… करू नको? … 'अडकशील.' … व्हय गं, तेच भ्या वाटतंय. उद्या काय झालं तर वर दाखवायला कोण न्हाई. … लेखी घेऊ? काय लेखी घेऊ, लिहिणार बी मीच.

धुळाभाऊ, हॉर्न मारू नका. … दिवस कलतोय ते मला बी दिसतंय. … न्हाई, आज चहा न्हाई.

…प्रांजल, खोकी उघड. … सगळी. … बघितल्यात गं मी मागच्या आठवड्यात, पण तवा सही माझी नव्हती.

सुहास, हायस का?… रहा थोडी. टोपणं बघतोय आमी. खुंटीच्या डोक्याला टोपण असतं, ते सैल असलं की आत पाणी जातंय. … ही बरी हाय. … ही बी. … शिवतेज, तुमी तिकडनं बघत या, मी हिकडनं. … जोर लावून फिरवा, बाळाचं टोपडं बांधत न्हाई आपण. … थांबा, ही फिरतीया. बाजूला ठेव प्रांजल. …

…काय गं?… सुमंत सर येऊन गेले?… चार वीस झालं?… सांग त्यांना, बाई माल तपासतीया. … हसले?… हसू देत.

ही दुसरी. … आणि ही. तीन झाल्या. बाकी सदतीस ठीक हायत.

न्हाई शिवतेज. ह्या तीन जाणार न्हाईत. … माणसं चाळीस हायत, ठाऊक हाय मला. … तात्या वरडतील. वरडू देत. … आता लावू, पुढच्या आठवड्यात बदलून देऊ? ऐका माझं. उद्या पाणी सुटणार. आत पाणी शिरलं की ही खुंटी रान कोरडं पडलं तरी ओलंच सांगणार. तो माणूस मोबाईल बघून गप बसणार आणि तिकडं त्याचा ऊस वाळणार. मग आपण स्टेजवर उभं राहून म्हणायचं, काहीतरी शिकलो. … त्याच्या रानावर शिकायचं न्हाई. आपल्या रानावर शिका, माझं रान घ्या त्याला.

…ऐकलं गं पोरानं. … मान हलवतोय. … प्रांजल म्हणती, आज बसून तीन नवी टोपणं करते.

चाळीस खोडून सदतीस लिहिते. खाडाखोडीवर बी सही लागती, म्हणजे दोन झाल्या. … पेन दे प्रांजल. … झाली.

'राजेश्वरी मोहिते.' … कसं वाटतंय काय, घोर हायच की. कालच्यासारखाच हाय. पण कालचा कुणीतरी रागावल्यावर जाणार होता. हा खुंट्या नीट चालल्यावर जाईल.

धुळाभाऊ, भरा माल. … लाल चिठ्ठ्या सोडवून ठेवा हितं. ह्या तीन खोक्यांच्या राहू देत.

हां, बोल सुहास. … चार पंचवीस झालं. … व्हय, आता सांगायलाच पायजे.

सरांना सांग, आठवण ठेवली, लय बरं वाटलं. खरंच वाटलं, ते नीट सांग. पण मी येत न्हाई. … न्हाई, रागानं न्हाई गं. राग मघाशीच संपला. … पक्कं. … कारण लिहायला लागतंय? किती जागा हाय रकान्यात?… एक ओळ. मग 'वैयक्तिक' लिही, आपल्याकडं सगळं त्यात बसतंय.

…चुकतीया का मी?… तुला बी ठाऊक न्हाई. बरं. … हे दुकान वर्षानं असंल का नसंल, मला तरी कुठं ठाऊक हाय. पण आज ह्या तीन खुंट्या मी नसते तर गेल्या असत्या. आठ महिन्यांत तिथं मी नसते तर काय झालं असतं, सांग. … कूलरपाशी थोडी जागा झाली असती.

रविवारी ये घरी. … ये खरंच. … थांब, शिवतेजचा फोन वाजतोय. तात्या हायत. … द्या हिकडं. … न्हाई, तुमी नका बोलू. मी बोलते. … ठेवते गं सुहास.

बोला तात्या. … निघाला टेम्पो, आत्ताच. … सदतीस. … बरोबर ऐकलं, सदतीस. तीन मी ठेवून घेतल्यात. … मी म्हणजे मीच. … न्हाई तात्या, शिवतेजला फोन देत न्हाई. काय बोलायचं ते मला बोला.